इजा, दावा आणि धाक : दिवाणी दायित्वाच्या परिणामांचे मोजमाप

१९५३ सालच्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुढील उपचारांसाठी त्याला पुण्यास आणण्यात आले आणि तेथील रुग्णालयात दाखल झाल्याच्या दिवशीच संध्याकाळी त्याचा मृत्यू झाला. पूर्ण भूल न देता हाड बसविण्यासाठी अतिरिक्त बळ वापरले गेले आणि त्या आघाताने मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. मृताच्या आईवडिलांना देवविलेली ३,००० रुपयांची नुकसानभरपाई १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही प्रसंगी वैद्यक व्यवसायीवर काळजी घेण्याचे कर्तव्य असते, हे तत्त्व त्या निर्णयाने स्पष्ट केले. अपकृत्यविधीचा अभ्यास करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला हा निर्णय परिचित असतो.

डॉक्टरचे कर्तव्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर या निर्णयात मिळते. परंतु त्याच सुमारास किती रुग्णांना अशाच प्रकारच्या हयगयीमुळे इजा झाली, त्यांपैकी किती जणांनी दावा केला, दावा करणाऱ्यांपैकी किती जणांना भरपाई मिळाली आणि अशा निर्णयांमुळे रुग्णालयांतील वर्तन अधिक दक्ष झाले किंवा कसे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर या अथवा अन्य कोणत्याही निर्णयातून मिळत नाही. ते मिळविण्यासाठी न्यायालयाबाहेर पाहावे लागते. दिवाणी दायित्वाच्या क्षेत्रातील अनुभवनिष्ठ संशोधनाचा विषय हाच होय. प्रस्तुत लेखात वैद्यकीय निष्काळजीपणाच्या क्षेत्रातील संशोधनाच्या आधारे त्याची पद्धती, त्याचे मुख्य निष्कर्ष आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. हे संशोधन मुख्यत्वे अमेरिकेत झाले असल्याने विवेचनातील बहुतेक सामग्री तेथील आहे.

प्रश्नाचे स्वरूप

दिवाणी दायित्वाच्या कायद्याचे दोन हेतू सर्वसाधारणपणे सांगितले जातात. पहिला हेतू म्हणजे ज्याची हानी झाली त्याची भरपाई करणे. दुसरा हेतू म्हणजे भरपाईच्या भीतीने इतरांना सावध ठेवणे. यालाच कायद्याचा धाक म्हणता येईल. हे दोन्ही हेतू वस्तुस्थितीविषयीच्या काही गृहीतांवर उभे आहेत. भरपाईचा हेतू सफल व्हावयाचा तर हानी झालेल्यांपैकी बऱ्याच मोठ्या भागाला भरपाई मिळाली पाहिजे. धाकाचा हेतू सफल व्हावयाचा तर निष्काळजीपणा करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे, आणि काळजी घेणाऱ्याला ती मोजावी लागता कामा नये. ही गृहीते खरी आहेत की नाहीत, हे तर्काने ठरविता येत नाही. ते मोजूनच ठरवावे लागते.

अमेरिकेतील न्यायाधीश लर्नेड हँड यांनी १९४७ साली, न्यूयॉर्क बंदरात दोर सुटून बुडालेल्या एका मालवाहू पडावाच्या प्रकरणात, निष्काळजीपणाची प्रसिद्ध कसोटी मांडली. हानीची संभाव्यता आणि हानीचे परिमाण यांच्या गुणाकारापेक्षा खबरदारीचा खर्च कमी असेल, आणि तरीही ती खबरदारी घेतली गेली नसेल, तर तो निष्काळजीपणा होय, असे या कसोटीचे सार आहे. १९७२ साली रिचर्ड पोस्नर यांनी १८७५ ते १९०५ या कालखंडातील अमेरिकन अपील न्यायालयांचे १,५२८ निर्णय तपासले आणि या कसोटीशी मिळतेजुळते तर्कशास्त्र त्या निर्णयांत बहुतांशी आढळते, असे प्रतिपादन केले. निष्काळजीपणाचा कायदा समाजाला किफायतशीर प्रमाणात काळजी घेण्यास प्रवृत्त करतो, हा विचार त्यानंतर दृढ झाला.

या अभ्यासाचे महत्त्व नाकारता येत नाही. तथापि त्याच्या सामग्रीची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. अपिलापर्यंत पोहोचलेले निर्णय म्हणजे एका दीर्घ गाळणीतून उरलेला अंश होय. इजा झालेल्यांपैकी काहींनाच आपल्याला इजा झाल्याचे कळते. त्यांपैकी काहीच जण तिचा दोष दुसऱ्या कोणावर ठेवतात. दोष ठेवणाऱ्यांपैकी काहीच जण भरपाई मागतात. १९८०–८१ सालच्या एका प्रभावी निबंधात विल्यम फेल्स्टिनर, रिचर्ड एबल आणि ऑस्टिन सारात यांनी इजेचे तंट्यात रूपांतर होण्याच्या या तीन पायऱ्या दाखवून दिल्या. त्यापुढे तडजोड, निकाल आणि अपील अशा आणखी चाळण्या आहेत. शेवटच्या चाळणीत जे उरले त्यावरून न्यायाधीशांची विचारसरणी कळेल. मूळ राशी किती मोठी होती आणि तिच्यातील काय गळून गेले, हे कळणार नाही. सांख्यिकीच्या भाषेत सांगावयाचे तर येथे अंश ज्ञात आहे, परंतु छेद अज्ञात आहे.

इजेपासून आरंभ

छेद शोधण्याचा मार्ग एकच होता. दाव्यांपासून मागे न जाता इजेपासून पुढे यावयाचे. वैद्यकीय क्षेत्रात हे शक्य झाले, कारण प्रत्येक रुग्णाची लेखी नोंद रुग्णालयात राहते. कॅलिफोर्नियात १९७४ सालच्या नोंदींवर असा पहिला मोठा प्रयत्न झाला. २३ रुग्णालयांतील २०,८६४ नोंदी तपासण्यात आल्या. दर १०० रुग्णांमागे ४.६५ जणांना आजारामुळे नव्हे, तर उपचारामुळे इजा झाल्याचे आढळले, आणि या इजांपैकी सुमारे १७ टक्के इजांच्या मुळाशी निष्काळजीपणा होता. पॅट्रिशिया डॅन्झन यांनी ही संख्या दाव्यांच्या संख्येशी ताडून पाहिली. निष्काळजीपणामुळे झालेल्या इजांपैकी फार तर दहांत एका इजेबद्दल दावा होतो आणि पंचवीसांत एका इजेबद्दल भरपाई मिळते, असा अंदाज त्यांनी १९८५ साली मांडला.

या अंदाजाचा अर्थ साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या हयगयीमुळे १०० रुपयांची हानी होते आणि ती टाळण्याची खबरदारी ६० रुपयांत घेता येते, असे मानू. हँड यांच्या कसोटीनुसार ही खबरदारी घेतलीच पाहिजे. परंतु अशा पंचवीस प्रसंगांपैकी एकाच प्रसंगी भरपाई द्यावी लागत असेल, तर हयगय करणाऱ्याच्या वाट्याला येणारा सरासरी बोजा केवळ ४ रुपयांचा होतो. ६० रुपये खर्चून ४ रुपये वाचविण्यास केवळ कायद्याच्या भीतीने कोणी प्रवृत्त होणार नाही. डॉक्टर दक्ष राहतात ते व्यवसायनिष्ठा, लौकिक आणि रुग्णाविषयीची आस्था यांमुळे राहतात. परंतु मग त्याचे श्रेय दायित्वाच्या कायद्याला देता येत नाही.

कॅलिफोर्नियाचा अंदाज दोन भिन्न ठिकाणच्या आकड्यांची तुलना करून काढलेला होता. इजा झालेल्या प्रत्येक व्यक्तीने स्वतः दावा केला किंवा नाही, हे त्यावरून कळत नव्हते. ही उणीव हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यात केलेल्या अभ्यासाने भरून काढली. डॉक्टरांच्या विम्याचे हप्ते १९८० नंतरच्या दशकात झपाट्याने वाढले होते, आणि त्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाच्या पुढाकाराने हे काम हाती घेण्यात आले. हॉवर्ड हायट, पॉल वायलर, ट्रॉयेन ब्रेनन, ल्युसियन लीप प्रभृती वैद्यक, विधी आणि सांख्यिकी या तिन्ही शाखांतील अभ्यासक त्यात होते.

अभ्यासाची रीत अशी होती. १९८४ साली ५१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या अथवा मरण पावलेल्या रुग्णांच्या नोंदींचा यादृच्छिक नमुना घेण्यात आला. प्रथम परिचारिका आणि नोंदींचे प्रशिक्षित परीक्षक यांनी १८ निकष लावून प्रत्येक नोंद पाहिली. संशय घेण्यास जागा असलेल्या नोंदी नंतर दोन डॉक्टरांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे वाचल्या. उपचारामुळे इजा झाली काय, आणि झाली असल्यास ती निष्काळजीपणामुळे झाली काय, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी वेगवेगळी दिली. इजा आणि दोष यांची ही फारकत फार महत्त्वाची आहे. योग्य मात्रेत दिलेल्या औषधाची प्रथमच प्रकट झालेली विपरीत प्रतिक्रिया ही इजा होय, पण तो दोष नव्हे. रुग्णाला त्या औषधाचे वावडे असल्याची नोंद समोर असताना तेच औषध देणे हा दोष होय.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णालयातील वास्तव्यांपैकी ३.७ टक्के वास्तव्यांत उपचारजन्य इजा झाली होती आणि त्यांपैकी २७.६ टक्के इजा निष्काळजीपणामुळे झाल्या होत्या. इजांपैकी १३.६ टक्के इजांचा परिणाम मृत्यूत झाला. हे प्रमाण संपूर्ण राज्याला लावले असता त्या एका वर्षात ९८,६०९ इजा झाल्या आणि त्यांपैकी २७,१७९ इजांच्या मुळाशी निष्काळजीपणा होता, असा अंदाज निघाला.

इजा आणि दावा यांतील अंतर

यानंतर नमुन्यातील रुग्णांची नावे राज्यातील दाव्यांच्या नोंदींशी जुळविण्यात आली. निष्काळजीपणामुळे इजा झालेले २८० रुग्ण नमुन्यात होते. त्यांपैकी दावा केला होता केवळ ८ जणांनी. नमुन्यात निरनिराळ्या वर्गांतील रुग्ण निरनिराळ्या प्रमाणात निवडले असल्यामुळे योग्य भार देऊन हे प्रमाण काढावे लागते. तसे काढल्यावर ते सुमारे दीड टक्का येते.

हा आकडा पाहिला म्हणजे वरवरच्या तुलनेने किती फसगत होते, हेही कळते. संपूर्ण राज्यात निष्काळजीपणाच्या २७,१७९ इजा आणि ३,५७० दावे, असा हिशेब केला तर सुमारे साडेसात इजांमागे एक दावा असे गुणोत्तर मिळते. कॅलिफोर्नियातील अंदाजाशी ते जुळतेही. परंतु या हिशेबात सर्व दावे निष्काळजीपणाच्या इजांबद्दलच झाले, असे नकळत गृहीत धरलेले असते. व्यक्तिशः जुळणी केल्यावर असे दिसले की नमुन्यातील बहुसंख्य दावे अशा रुग्णांचे होते, ज्यांच्या बाबतीत परीक्षकांना निष्काळजीपणा आढळला नव्हता. काहींच्या बाबतीत तर इजाच आढळली नव्हती. दोन राशींच्या आकारांत मेळ असला, तरी त्यांतील व्यक्ती बहुतांशी भिन्न होत्या.

ज्यांनी दावा केला नाही ते कोण होते, याचाही शोध याच सामग्रीवरून घेण्यात आला. विमा नसलेल्या रुग्णांना निष्काळजीपणामुळे इजा होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक होता, असे हेलन बर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखविले. पुढील वर्षी त्यांनीच असेही दाखविले की निर्धन, विमा नसलेले आणि वृद्ध रुग्ण दावा करण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी असते. गरीब रुग्ण पैशाच्या आशेने अधिक खटले भरतात, हा वैद्यक व्यवसायात प्रचलित असलेला समज यामुळे निराधार ठरला. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्यांना इजेचा धोका अधिक त्यांच्याकडून दाव्याचा धोका कमी, हे या दोन निष्कर्षांवरून एकत्रितपणे दिसते. कायद्याचा धाक जेथे सर्वाधिक हवा, तेथेच तो सर्वांत दुबळा असतो.

याची कारणे समजण्यास कठीण नाहीत. रुग्ण आधीच आजारी असतो. प्रकृती बिघडली ती आजारामुळे की उपचारामुळे, हे त्याला सहसा उमगत नाही. नोंदी रुग्णालयाच्या ताब्यात असतात. यशस्वी झाल्यासच शुल्क घेणारा अमेरिकन वकील अल्प भरपाईचे प्रकरण स्वीकारीत नाही. आणि वृद्धाची अथवा बेकाराची कमाई कमी असल्याने त्याची भरपाईही अल्प ठरते.

दाव्यांचा निकाल

दावा दाखल झाल्यानंतर तरी दोषी आणि निर्दोष यांची योग्य निवड होते काय? न्यूयॉर्कच्या नमुन्यातील ५१ दाव्यांचा पाठपुरावा करण्यात आला; १९९५ अखेरपर्यंत ४६ दावे निकाली निघाले होते. इजाच नसलेल्या २४ प्रकरणांपैकी १० प्रकरणांत, निर्दोष इजेच्या १३ पैकी ६ प्रकरणांत आणि निष्काळजीपणाच्या ९ पैकी ५ प्रकरणांत वादीला पैसे मिळाले. हे तीनही अंश निम्म्याच्या आसपास आहेत. याउलट कायमचे अपंगत्व आलेल्या ८ पैकी ७ प्रकरणांत पैसे मिळाले, आणि त्यांची सरासरी २,०१,२५० डॉलर होती. भरपाई कोणाला मिळेल हे निष्काळजीपणावरून नव्हे, तर अपंगत्वाच्या तीव्रतेवरून ठरते, असा निष्कर्ष १९९६ साली ब्रेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला.

तथापि ४६ प्रकरणांवरून व्यापक सिद्धान्त मांडणे धोक्याचे असते. डेव्हिड स्टडर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच विमा संस्थांकडील १,४५२ निकाली दाव्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला, तेव्हा चित्र काहीसे निराळे दिसले. इजेमागे चूक असलेल्या ८८९ दाव्यांपैकी ७३ टक्के दाव्यांत भरपाई मिळाली होती. इजा होती पण चूक नव्हती अशा ५१५ दाव्यांपैकी २८ टक्के दाव्यांतच ती मिळाली होती. म्हणजे दाव्यांची यंत्रणा डोळे झाकून पैसे वाटत नाही. बरेचदा ती योग्य निवड करते. परंतु ही निवड अतिशय महाग पडते. जखमींना दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे वकील, तज्ज्ञ, न्यायालय आणि विमा प्रशासन यांवर ५४ सेंट खर्च झाले होते. इंग्लंडमधील पिअर्सन आयोगाने १९७८ साली अपकृत्य दायित्वाच्या संपूर्ण व्यवस्थेचा हिशेब केला, तेव्हा तेथील प्रशासकीय खर्च वाटलेल्या भरपाईच्या सुमारे ८५ टक्के भरला होता.

या दोन्ही अभ्यासांना एक आक्षेप लागू पडतो. निष्काळजीपणा होता की नव्हता, हे ठरविणारे परीक्षक शेवटी कागदावरील नोंदीच वाचत होते. न्यूयॉर्कच्या अभ्यासात दोन परीक्षकांचे इजेविषयी बऱ्यापैकी एकमत होत असे, परंतु निष्काळजीपणाविषयी ते बरेच कमी होत असे. नोंदीत जे लिहिलेच गेले नाही ते परीक्षकाला दिसत नाही, परंतु वादीला ते ठाऊक असू शकते. त्यामुळे ‘निराधार’ ठरविलेल्या दाव्यांपैकी काही साधार असतील, ही शक्यता उरतेच. मात्र या आक्षेपाने मुख्य निष्कर्ष ढळत नाही. २८० मधील ८ हे प्रमाण दुप्पट अथवा चौपट केले, तरी इजा झालेल्यांपैकी बहुतेक जण कायद्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, ही वस्तुस्थिती कायम राहते. युटा आणि कॉलोराडो या राज्यांतील १९९२ सालच्या नोंदींवर पुढे झालेल्या अभ्यासातही निष्काळजीपणामुळे इजा झालेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के रुग्णांनी दावा केला नसल्याचे दिसून आले.

धाकाची परीक्षा

इजा आणि दावा यांचा संबंध इतका सैल असला, म्हणून धाक मुळीच नसतो असे सिद्ध होत नाही. डॉक्टर खऱ्या संभाव्यतेला नव्हे, तर स्वतःच्या कल्पनेतील संभाव्यतेला भीत असेल. धाकाची परीक्षा करावयाची तर दायित्वाचे ओझे वाढल्याने अथवा घटल्याने वर्तनात काय फरक पडतो, ते पाहिले पाहिजे. प्रयोगशाळेत असा प्रयोग करता येत नाही. परंतु कायदेमंडळांनी तो नकळत करून ठेवला आहे. कॅलिफोर्नियाने १९७५ साली वेदना, मनस्ताप इत्यादी बिगर-आर्थिक हानीच्या भरपाईवर २,५०,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली. २०२२ सालच्या दुरुस्तीने ती टप्प्याटप्प्याने वाढविण्यात येत आहे. टेक्ससने २००३ साली अशीच मर्यादा स्वीकारली. इतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले, तर काहींनी ते केले नाही. सुधारणा करणाऱ्या राज्यांतील पूर्वीची आणि नंतरची स्थिती यांतील फरक, सुधारणा न करणाऱ्या राज्यांतील तेवढ्याच काळातील फरकाशी ताडून पाहणे, ही या संशोधनाची मुख्य पद्धती होय.

डॅनियल केसलर आणि मार्क मक्‌लेलन यांनी १९९६ साली गंभीर हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णांची सामग्री या पद्धतीने तपासली. दायित्वाचे ओझे प्रत्यक्ष कमी करणाऱ्या सुधारणांनंतर रुग्णालयीन खर्च ५ ते ९ टक्के घटला आणि मृत्यू अथवा गुंतागुंत यांत लक्षणीय वाढ झाली नाही, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की पूर्वीच्या उपचारांतील काही भाग रुग्णाच्या हितासाठी नव्हे, तर डॉक्टरच्या बचावासाठी केला जात होता. मायकेल फ्रेक्स आणि जोनाथन ग्रुबर यांनी २०१९ साली अमेरिकन लष्करी रुग्णालयांचा उपयोग करून घेतला. तेथे सेवेतील सैनिकाला उपचारांतील निष्काळजीपणाबद्दल न्यायालयात दावा लावता येत नसे, पण त्याच रुग्णालयातील त्याच्या कुटुंबीयांना तो लावता येत असे. दाव्याची भीती नसलेल्या ठिकाणी आंतररुग्णांवरील खर्च सुमारे ५ टक्के कमी होता आणि परिणामांत मोजता येण्याजोगा फरक नव्हता.

या दोन अभ्यासांवरून धाक केवळ खर्च वाढवितो, असा निष्कर्ष कोणी काढील. पण तो घाईचा ठरेल. जॅनेट करी आणि बेंटली मॅक्‌लाउड यांनी २००८ साली बाळंतपणांच्या सामग्रीवरून निराळा परिणाम दाखविला. भरपाईवर कमाल मर्यादा घालणाऱ्या राज्यांत प्रसूतीतील गुंतागुंत आणि हस्तक्षेप वाढले. याउलट प्रत्येक प्रतिवादीने स्वतःच्या दोषाच्या प्रमाणातच भरपाई द्यावी, असा नियम करणाऱ्या राज्यांत ते घटले. दायित्व स्वतःच्या वर्तनाशी जितके घट्ट जोडलेले, तितके वर्तन सुधारते, ही उपपत्ती या निष्कर्षाशी सुसंगत आहे. झेनॉन झाबिन्स्की आणि बर्नार्ड ब्लॅक यांनी २००३ ते २००६ या काळात कमाल मर्यादा स्वीकारलेल्या पाच राज्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यांना मर्यादेनंतर टाळता येण्याजोग्या इजांचे प्रमाण हळूहळू वाढल्याचे दिसले.

हे निष्कर्ष परस्परविरोधी भासतात, याचे एक कारण असे की ‘काळजी’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी येतात. जास्तीची तपासणी लिहून देणे ही एक प्रकारची काळजी. तिचा खर्च रुग्ण किंवा विमा संस्था सोसते आणि ती नोंदीत दिसते. हात धुणे, औषधाची मात्रा पुन्हा पडताळणे, रात्रपाळीच्या डॉक्टरला रुग्णाची स्थिती नीट सांगणे ही दुसऱ्या प्रकारची काळजी. तिच्यासाठी डॉक्टरचे आणि रुग्णालयाचे श्रम खर्ची पडतात आणि ती नोंदीत सहसा दिसत नाही. दाव्याच्या भीतीने पहिली सहज वाढते. दुसरी वाढण्यासाठी संस्थेची घडीच बदलावी लागते. शिवाय विम्याचा हप्ता बहुधा डॉक्टरची शाखा आणि प्रदेश यांवरून ठरतो, त्याच्या व्यक्तिगत इतिहासावरून क्वचितच. त्यामुळे दक्ष आणि बेफिकीर अशा दोघांनाही सारखाच हप्ता भरावा लागतो.

भूलशास्त्राचे उदाहरण

दावे हे इजांच्या संख्येचे विश्वासार्ह माप नसले, तरी इजा कशा घडतात हे त्यांवरून शिकता येते. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ सालापासून विमा संस्थांकडील निकाली दाव्यांच्या कागदपत्रांचा पद्धतशीर संग्रह सुरू केला. मृत्यू आणि मेंदूची हानी यांपैकी बऱ्याच प्रकरणांत श्वासोच्छ्वास अपुरा पडत असल्याचे वेळेवर लक्षात आले नव्हते, असे त्यांवरून दिसले. याच सुमारास हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी आणि १९८६ साली या संघटनेने भुलेच्या काळात रुग्णावर सतत देखरेख ठेवण्याचे प्रमाणित नियम केले. रक्तातील प्राणवायूचे आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचे मापन करणारी उपकरणे पुढील काळात सर्वत्र रूढ झाली. त्यानंतर दाव्यांमधील मृत्यू आणि मेंदूची हानी यांचे प्रमाण कमी होत गेले. उपकरणांची प्रगती आणि व्यवसायाचे स्वतःचे प्रयत्न यांचाही यात वाटा असल्याने सर्व श्रेय दायित्वाला देता येणार नाही. परंतु येथे धाकाचे रूपांतर ज्ञानात झाले. एकेका डॉक्टरला शिक्षा होण्याऐवजी संपूर्ण व्यवसायाची कार्यपद्धती बदलली. ते शक्य झाले, कारण विखुरलेले दावे एकत्र करून वाचणारे कोणीतरी होते.

भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. ज्या रुग्णालयात सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते ते या कक्षेबाहेर ठेवले गेले. काहींना शुल्क आणि काहींना विनामूल्य अशी व्यवस्था असेल तेथे मात्र विनामूल्य रुग्णांनाही संरक्षण मिळाले. या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. या बदलामुळे रुग्णालये अधिक दक्ष झाली की केवळ अधिक तपासण्या लिहू लागली, हा प्रश्न अनेकदा चर्चिला जातो. ग्राहक आयोगांचे प्रकाशित निवाडे वाचून त्याचे उत्तर देण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु न्यूयॉर्कच्या अनुभवाचा मुख्य धडा असा की, निवाड्यांची संख्या वाढली म्हणजे इजा वाढल्या असे होत नाही, आणि ती घटली म्हणजे काळजी वाढली असेही होत नाही. सर्वस्वी विनामूल्य सेवा देणाऱ्या सार्वजनिक रुग्णालयातील रुग्ण तर ग्राहक आयोगांच्या निवाड्यांत दिसणारच नाही. त्याला दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. पण तो मार्ग किती जण धरतात, हाही मोजण्याचाच विषय आहे.

मोजणीचा आरंभ कोठून करता येईल, याचे एक उदाहरण मोटार अपघातांच्या क्षेत्रात आहे. तेथे छेद उपलब्ध आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या तरतुदीनुसार पोलिसांनी अपघाताचा माहिती-अहवाल तीन महिन्यांच्या आत तयार करून दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. म्हणजे जखमी व्यक्ती दारात येण्याची वाट न पाहता कायदाच अपघातापासून आरंभ करतो. एखाद्या जिल्ह्यातील पोलिसांची अपघात-नोंद आणि तेथील न्यायाधिकरणाची दावा-नोंद व्यक्तिशः जुळविली, तर किती कुटुंबे भरपाईपर्यंत पोहोचली, किती काळाने पोहोचली आणि कोणती पोहोचलीच नाहीत, हे सांगता येईल. पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील हे काम आहे. वैद्यकीय क्षेत्रात अशी जुळणी अधिक कठीण आहे. तेथे रुग्णालयातील नोंदींची पूर्णता हाच पहिला प्रश्न उभा राहतो.

पालशेतच्या तरुणाच्या मृत्यूपासून अंतिम निर्णयापर्यंत पंधरा वर्षे गेली. त्याचे आईवडील शेवटच्या न्यायालयापर्यंत टिकून राहिले, म्हणून तो निर्णय आज पाठ्यपुस्तकांत आहे. कायद्याचे तत्त्व अशा निर्णयांतूनच घडते आणि ते तसेच शिकविले पाहिजे. परंतु त्या तत्त्वाने किती जणांचे रक्षण झाले, हे विचारावयाचे असेल, तर जे न्यायालयापर्यंत आलेच नाहीत त्यांची गणना प्रथम करावी लागेल.